ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचा दिवस

पिंपरी-चिंचवडच्या महाविद्यालयांत शिकणारी अनेक मुले-मुली मावळ व खेड तालुक्यांतील गावांहून रोज ये-जा करतात. शहरात तास, प्रात्यक्षिके, जर्नल. गावी शांतता, पण गुराढोरांची व घरची कामे. जाण्यास दीड तास व येण्यास दीड तास लागला, तर सहा दिवसांच्या आठवड्यात १८ तास वाटेतच जातात. या दगदगीने शिक्षण सुटले, की मुलगा चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामाला लागतो व पदवी राहून जाते.

प्रवासाचा खर्च कमी करता येतो. मावळच्या मुलांसाठी पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. घर ते शिक्षणसंस्था असा द्वितीय वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत व मुलांना बारावीपर्यंत मोफत असतो. पुढे मुलांना सवलत मिळते. चाकणला रेल्वे नाही, तेथे एस.टी.च्या विद्यार्थी पासात सुमारे दोन-तृतीयांश सूट आहे. यासाठी लागणारा महाविद्यालयाचा दाखला प्रवेश घेताच मागून घ्यावा.

ये-जा अशक्य असल्यास शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करावा. तेथे प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, अटींत बसल्यास, २०१६-१७ पासूनच्या स्वाधार योजनेतून भोजन व निवासाची रक्कम बँक खात्यात मिळते.

नोकरी करणाऱ्या गरीब मुलांना शिकता यावे म्हणून मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात १९४६ साली बाबासाहेबांनी सकाळचे वर्ग ठेवले. विद्यार्थ्याची वेळ सांभाळणे हीही मदतच आहे. तेव्हा निदान परीक्षेच्या काळात पालकांनी घरकाम वाटून घ्यावे आणि विद्यार्थ्यांनी गावची शांत पहाट अभ्यासाला द्यावी.