लेखांक ६ : फोन मुंबईत, बाळ वाडीवर

२०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. आकड्याने हुरळून जायला नको. पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईला आहेत, हाच त्याचा मुख्य अर्थ. गरोदरपणापासून पालकांना साथ देणारी डिजिटल साधनं इथे कशी चालतील, याचा विचार इथूनच सुरू करायला हवा. केंद्र सरकारची ‘किलकारी’ सेवा गरोदरपणाच्या दुसऱ्या तिमाहीपासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ संदेश फोनवर ऐकवते. २०१६ साली सुरू झालेली ही सेवा महाराष्ट्रात आली २०२४मध्ये. तिच्यासाठी वाचता येणं लागत नाही, इंटरनेट लागत नाही. साधा बटणांचा फोन पुरतो. पण कोणाचा? नोंदणीत दिलेला क्रमांक अनेकदा नवऱ्याचा असतो, आणि चाकरमान्याचा फोन गणपती-शिमग्यालाच काय तो वाडीवर येतो. लोहाच्या गोळ्यांची आठवण मग लोकलच्या गर्दीत वाजते.

हा दोष खरा, पण मी तो अर्धाच मानतो. बाळाच्या वाढीला आहार आणि लसीइतकीच त्याच्याशी बोलणाऱ्या, त्याच्या हुंकाराला उत्तर देणाऱ्या माणसांची गरज असते, आणि ते काम एकट्या आईचं नाही. आशाताई घरोघरी फिरते, तरी बाप तिला भेटत नाही. फोन त्याला गाठतो. रात्री घरी फोन लावून ‘गोळ्या घेतल्यास का?’ एवढं त्याने विचारलं, तरी त्या संदेशाचे पैसे वसूल. लहान मुलांना फोनपासून दूर ठेवा म्हणायचं आणि फोनवरूनच बालसंगोपन शिकवायचं, हा विरोधाभास नाही का, असं कोणी विचारील. दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा दाखवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये सांगितलं, ते योग्यच आहे. इथे मात्र फोन मोठ्यांच्या कानाला आहे.

अधिक वजनदार आक्षेप वेगळा: नुसतं ऐकून वागणं बदलतं का? मध्य प्रदेशातल्या ‘किलकारी’च्या चाचणीत गर्भनिरोधक साधनांचा वापर थोडा वाढला, पण सहा महिने निव्वळ आईचं दूध देण्याच्या सवयीत फरक दिसला नाही. हे मान्य करायलाच हवं. उलट जमैकात १९८०च्या दशकात आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला घरी जाऊन, घरगुती खेळण्यांनी आईला बाळाशी खेळायला शिकवत. ती मुलं वीस वर्षांनंतर इतरांपेक्षा सुमारे २५ टक्के अधिक कमावत होती. तिथे कुठलंही यंत्र नव्हतं. मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेचा अनुभव या दोन टोकांना जोडतो. तिच्या ‘एममित्र’ सेवेत कोणत्या बाया संदेश ऐकणं सोडतील, हे संगणकाने आधी हेरलं आणि त्यांना माणसांनी फोन केले. सुमारे २३,००० बायांच्या या प्रयोगात गळती ३० टक्क्यांच्या आसपास घटली. यंत्राने हेरावं, माणसाने बोलावं, अशी ही वाटणी. अंगणवाडीच्या नोंदींसाठीच्या ‘पोषण ट्रॅकर’ या सरकारी अ‍ॅपने सुरुवातीला नेमकं उलट केलं: माणसालाच यंत्राच्या दिमतीला जुंपलं. इंग्रजी अ‍ॅप आणि तोकड्या क्षमतेचे फोन यांना कंटाळून २०२१मध्ये राज्यभरातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी फोन परत केले, त्यात नवल नाही.

रत्नागिरीपुरती मागणी छोटी आहे. गरोदर बाईची नोंद करताना दोन क्रमांक घ्यावेत, एक वाडीवरचा, एक मुंबईचा. आणि संदेश दोन्हीकडे एकाच दिवशी जावा.