नामाची दुसरी अवस्था

वॉर्सा येथील नेत्रवैद्य झामेनहोफ यांनी १८८७ साली एस्पेरांतो ही स्वनिर्मित भाषा जगापुढे ठेवली, तेव्हा तिच्यातील नामांची व्यवस्था त्यांनी सनदेतील कलमांसारखी आखून दिली : प्रत्येक नामाच्या अखेरीस ‘ओ’, आणि ते कर्म झाले की त्यापुढे ‘न’. ‘दोमो’ म्हणजे घर. ‘दोमोन’ म्हणजे कर्मस्थानी आलेले घर.

मराठी मात्र नामाला विभक्तिप्रत्यय जोडण्यापूर्वी त्याला एका निराळ्या अवस्थेत नेते, आणि ह्या अवस्थेलाच आपले वैयाकरण सामान्यरूप म्हणतात. ‘पुणे’ ह्या नामाचे ‘पुण्या’ होते, तेव्हा कोठे ‘पुण्यास’, ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’ ही रूपे सिद्ध होतात. ‘पेठ’ची ‘पेठेत’ होते, ‘कापूस’ आपला दीर्घ ऊकार टाकून ‘कापसात’ येतो, आणि ‘कचेरी’ मात्र काही न बदलता ‘कचेरीत’ जाते. ही अवस्था प्रत्ययाहून स्वतंत्र आहे, ह्याचा उत्तम पुरावा विशेषण देते : ‘मोठा वाडा’ ह्याचे ‘मोठ्या वाड्यात’ होताना ‘त’ हा प्रत्यय केवळ नामाला लागतो, परंतु सामान्यरूप दोघांनाही घ्यावे लागते. केशवसुतांचे बंधू मोरो केशव दामले यांनी ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ ह्या १९११ च्या ग्रंथात नामांच्या अशा विकारांचा तपशिलाने विचार केला आहे.

ही अवस्था कोणी ठरवून निर्माण केलेली नाही. संस्कृत षष्ठीचे ‘देवानाम्’ प्राकृतात ‘देवाणं’ झाले आणि त्याचाच झिजलेला अवशेष आजच्या ‘देवांना’, ‘देवांचा’ ह्या रूपांतील ‘देवां’मध्ये उरला आहे. ज्या विभक्तीचा मूळ अर्थ लोपला, तिच्या उरलेल्या अंगावर भाषेने नवे प्रत्यय उभे केले. शिरोरेघेवरील तो अनुस्वार, अनेकवचनी षष्ठीच्या त्या नासिक्य ध्वनीची खूण आहे.

ही प्रक्रिया अद्याप थांबलेली नाही. परभाषेतून आलेले ‘टेबल’ ‘टेबलावर’ असे सामान्यरूप घेते, तर उलट दिशेने ‘मोहनाला’ म्हणण्याऐवजी ‘मोहनला’ म्हणणे रूढ झाले आहे. म्हणून शाळेत विभक्तींचा तक्ता पाठ करवून घेताना शिक्षकांनी ‘देवानाम्’पासून ‘देवांना’पर्यंतचा हा प्रवासही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, कारण नियम ठाऊक झाल्याने भाषा शुद्ध लिहिता येते, परंतु त्या नियमाची उत्पत्ती समजल्यावाचून भाषेविषयी शास्त्रीय दृष्टी लाभत नाही.