चटणी डंकावर, कांदा प्रोसेसरमध्ये

मार्च उजाडला की कोल्हापुरात वर्षाच्या चटणीची गडबड सुरू होते. लक्ष्मीपुरीच्या बाजारात मिरचीचे ढीग लागतात. रंगासाठी ब्याडगी, तिखटासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, असं प्रत्येक घराचं मिश्रण ठरलेलं असतं आणि त्यात सहसा कुणी तडजोड करत नाही. मिरच्या उन्हात कडकडीत वाळतात, देठं निघतात, धने-तीळ-खसखस भाजून होतात आणि मग डब्यांची रांग डंकावर लागते. घराघरांत मिक्सर आहेत, अनेक घरांत फूड प्रोसेसर आहेत, तरी वर्षाच्या कांदा-लसूण चटणीसाठी माणसं नंबर लावून उभी असतात. यंत्रं घेऊनही ती वापरता येत नाहीत, असा याचा अर्थ कुणी काढू नये. कोणतं काम कोणत्या यंत्राचं, हे या शहराला नेमकं ठाऊक आहे.

डंक म्हणजे मोटरवर चालणारं कांडप यंत्र. लोखंडी मुसळं वर उचलली जातात आणि आपल्याच वजनानं खाली पडतात. मिरची, सुकं खोबरं, तळलेला कांदा आणि लसूण एकत्र कुटले जातात. खोबऱ्याचं आणि कांद्याचं तेल मिरचीत मुरतं आणि चटणी ओलसर, एकजीव होते. मिक्सरचं पातं हे करू शकत नाही. ते मोकळं फिरताना मिनिटाला 18 ते 20 हजार फेरे घेतं. एवढ्या वेगात पदार्थ कुटला जात नाही, कापला जातो, आणि घर्षणानं तापतो. तापला की मसाल्यातलं सुगंधी तेल उडून जातं. एका भाजीपुरता मसाला करताना हे जाणवत नाही, पण तीन-चार किलो चटणी टप्प्याटप्प्यानं काढायला गेलं तर भांडं हाताला चटका देतं, मोटर दमते आणि चटणीचा वास कमी होतो.

फूड प्रोसेसर कामाला येतो तो डंकाच्या आधीच्या टप्प्यावर. चटणीत कांदा सढळ पडतो, आणि तो तळण्याआधी किंवा वाळवण्याआधी उभा चिरावा लागतो. विळीवर किलो-दोन किलो कांदा चिरायचा म्हणजे डोळ्यांचं पाणी, बोटांची आग आणि कंबरेचं दुखणं. प्रोसेसरमध्ये काप करणारी चकती लावायची, सोललेले कांदे वरच्या नळीतून सोडायचे आणि दट्ट्यानं हलकेच दाबायचे; एक कांदा दोन-चार सेकंदांत चिरून होतो. सगळे काप एकाच जाडीचे पडतात हा खरा फायदा, कारण मग ते एकसारखे तळले जातात, काही करपलेले नि काही कच्चे असं होत नाही. चकती बदलली की त्याच भांड्यात सुकं खोबरं किसून होतं. खोबऱ्याची वाटी किसणीवर घासताना शेवटी बोटंच घासली जातात, हे ज्यानं केलं आहे त्याला सांगायला नको.

पुढचे दोन महिने वाळवणाचे. बटाट्याचा कीस, वेफर्स, कैरीचा कीस, लोणच्याच्या फोडी. यातली पहिली तिन्ही कामं प्रोसेसरची. पाच किलो उकडलेले बटाटे किसणीवर किसणारे हात संध्याकाळी भाकरी थापायला उरत नाहीत. फक्त बटाटा अर्धवट उकडून पूर्ण थंड झालेला हवा. गरम बटाटा चकतीला चिकटतो आणि त्याचा लगदा होतो. लोणच्याची फोड मात्र अडकित्त्यानंच करावी. बाठीसकट कैरी कापायची ताकद या पात्यांत नसते आणि तसा प्रयत्न करून पातं वाकवून घेण्यात शहाणपण नाही.

मिक्सर आणि प्रोसेसर यांत घोळ होतो तो वेगाचा. प्रोसेसरचं मोठं भांडं रुंद असतं आणि त्यातलं पातं मिक्सरच्या मानानं बरंच हळू फिरतं. म्हणून ते चिरतं, किसतं, कणीक मळतं. पण बारीक वाटण करत नाही. मिक्सरचं अरुंद भांडं नेमकं उलटं. त्यात कांदा चिरायला गेलं की खाली पाणी आणि वर अख्ख्या फोडी राहतात. आपल्याकडे दोन्ही भांडी एकाच मोटरवर बसवलेले प्रोसेसर मिळतात, त्याला कारण भारतीय स्वयंपाकच आहे. फ्रान्समध्ये पिअर व्हेर्दाँ यांनी हॉटेलांसाठी केलेल्या यंत्रातून 1971 साली घरगुती ‘मॅजिमिक्स’ आला, 1973 साली कार्ल सॉनथायमर यांनी तो ‘क्विझिनार्ट’ नावानं अमेरिकेत नेला. तिथल्या लोकांना भाज्या चिरायच्या होत्या आणि पीठ मळायचं होतं. हळकुंड दळायचं किंवा भिजली डाळ वाटायची गरज त्यांना नव्हती.

ती गरज आपली होती, आणि ती पुरी केली ‘सुमीत’नं. सत्यप्रकाश माथूर हे सीमेन्समधले अभियंते. घरातला जर्मन बनावटीचा मिक्सर भारतीय वाटण करून करून बंद पडला आणि दुरुस्तीची सोय मिळेना, तेव्हा पत्नी माधुरी यांच्या तक्रारीवरून त्यांनी आपल्या स्वयंपाकाला झेपेल अशी दणकट मोटर तयार करायचं मनावर घेतलं. त्यांच्या कंपनीची सुरुवात 1963 सालची. पुढच्या दोन दशकांत सुमीत मिक्सर लग्नाच्या रुखवतात मानानं बसला. पाट्यावर ओणवं होऊन रोज वाटणाऱ्या बायकांच्या खांद्यांवरचं ओझं या एका यंत्रानं जेवढं हलकं केलं, तेवढं स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या कशानंही क्वचितच केलं असेल. पाट्याच्या चवीची आठवण काढणाऱ्यांनी त्या पाट्यावर वरवंटा ओढत कोण होतं, हेही आठवावं.

मिक्सरची खरी कसोटी कोल्हापुरात पांढऱ्या रश्श्याला लागते. तीळ, खसखस आणि काजू यांचं वाटण लोण्यासारखं झालं नाही तर रस्सा चोथा-पाणी होतो. खसखस फार बारीक असते, मोठ्या भांड्यात ती पात्याखाली निसटते आणि तशीच राहते. ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवावी, सगळ्यांत लहान चटणीच्या भांड्यात घ्यावी आणि आधी जेमतेम बुडेल इतक्याच पाण्यात वाटावी. सुरुवातीलाच पाणी जास्त झालं की दाणे पाण्याबरोबर नुसते फिरत राहतात. नारळाचं दूध काढायला ओल्या खोबऱ्याचे तुकडे कोमट पाण्याबरोबर फिरवून फडक्यातून पिळावेत. हे दूध रश्श्यात शेवटी, मंद आचेवर घालायचं. खळखळून उकळलं तर फाटतं. आणि एक पथ्य अनुभवी घरांत पाळलं जातं: तांबड्या रश्श्याच्या वाटणाचं भांडं वेगळं. मिरचीचा रंग झाकणाच्या रबरात आणि पात्याच्या बुडाशी धरून राहतो, आणि पांढऱ्या रश्श्याला गुलाबी झाक येते.

तांबड्याचं वाटण म्हणजे भाजलेला कांदा आणि खोबरं. ते पूर्ण गार करूनच भांड्यात घालावं. गरम वाटण बंद भांड्यात फिरवलं की वाफ कोंडते, झाकण उडतं आणि चेहऱ्यावर, हातावर भाजतं. हे वाचायला किरकोळ वाटतं, पण पाहुणे आलेले असताना, घाईत, हीच चूक होते.

रश्श्याचा पाया असलेलं अळणी पाणी आणि मऊ मटण ही प्रेशर कुकरची देणगी. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे उघड्या पातेल्यात पाणी सुमारे 98 अंशांवर उकळतं. कुकरमधल्या दाबानं तेच तापमान 120 अंशांच्या आसपास जातं. हाडाजवळचे चिवट तंतू या उष्णतेत लवकर विरघळतात आणि अळणीला दाटपणा येतो. डेनिस पापँ या फ्रेंच संशोधकानं 1679 साली असं बंद भांडं केलं, तेही हाडं शिजवण्यासाठीच.

शेंगदाण्याचं कूट ही मिक्सरची आणखी एक परीक्षा. सलग अर्धा मिनिट फिरवलं तर दाण्याला तेल सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. बटण उलट्या बाजूला फिरवून, थांबत थांबत, चार-पाच झटके द्यावेत. कूट मोकळं राहतं. खर्ड्यालाही हाच नियम, तो सरसरीतच हवा. तरी खरं सांगायचं तर तव्यावर परतलेल्या हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तांब्याच्या बुडानं तव्यातच रगडले की जो खर्डा होतो, तो यंत्रात होत नाही. चार माणसांच्या खर्ड्याला त्यात फार वेळही लागत नाही, आणि धुवायला भांडं एक कमी.

कणकेबद्दल मतभेद आहेत. प्रोसेसरमध्ये गव्हाची कणीक दीड-दोन मिनिटांत मळून होते. पीठ, मीठ, थोडं तेल घालून पातं सुरू करायचं आणि पाणी वरून बारीक धारेनं सोडायचं. गोळा भांड्याच्या कडा सोडून एकत्र फिरू लागला की लगेच थांबायचं. त्यापुढे फिरवलं तर कणीक तापते आणि पोळी वातड होते. दोघांच्या घरात हे सगळं काढून धुण्यापेक्षा हातानं मळणं लवकर होतं. मात्र एकत्र कुटुंबात, किंवा सांधेदुखीनं मूठ वळत नसलेल्या माणसाला हे भांडं फार मोठा आधार आहे. भाकरीच्या पिठाला ते उपयोगाचं नाही. ज्वारीत ग्लुटेन नसतं, त्यामुळे ते पीठ गरम पाण्यानं, तळहातानं, भाकरीपुरतंच मळावं लागतं.

गेल्या काही वर्षांत एअर फ्रायर आला. फिलिप्सनं तो 2010 साली बाजारात आणला. आत पंखा आणि तापलेली तार. गरम हवा वेगानं पदार्थाभोवती फिरते. नाव तळणीचं असलं तरी ती छोटी भट्टीच आहे. कटवड्याचा वडा त्यात तळल्यासारखा होत नाही, कारण ओलं बेसन तेलात पडल्याशिवाय फुलत नाही आणि जाळीतून खाली गळतं. पण भडंगासाठी शेंगदाणे भाजायला, पापड भाजायला, वांगं किंवा रताळं भाजायला तो उत्तम.

कोल्हापूरकरांचं एक भाग्य असं, की हे शहर यंत्रांचं आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहती, फाउंड्र्या, ऑइल इंजिनांची परंपरा, यामुळे मोटर खोलून पाहणारे हात इथे सहज सापडतात. मिक्सर अचानक बंद पडला तर तो जळलाच असं नाही. बहुतेकांच्या बुडाशी एक लहान बटण असतं. ताण वाढला की ते बाहेर येतं आणि मोटर वाचवतं. भांडं थोडं रिकामं करावं, दहा-पंधरा मिनिटं थांबावं, बटण दाबावं. ठिणग्या जास्त दिसू लागल्या तर बऱ्याचदा मोटरमधले कार्बन ब्रश झिजलेले असतात, आणि ते बदलणं स्वस्तातलं काम आहे.

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी अनेक वस्त्यांत शिरलं आणि घराघरांतली यंत्रं गाळानं भरली. अशी भिजलेली वस्तू चालते का हे बघायला प्लग लावणं जिवावर बेतू शकतं. वरून कोरडी दिसली तरी गुंडाळीत ओल राहते. ती खोलून, धुऊन, वाळवून, मेकॅनिककडून तपासूनच वापरावी. पावसाळ्यात नदीकाठच्या घरांनी पाणी चढू लागताच ओट्याखालची यंत्रं आधी माळ्यावर ठेवावीत.

नवा प्रोसेसर घ्यायचा विचार असेल, तर चटणी-वाळवणाच्या आधी, फेब्रुवारीतच घ्या, म्हणजे त्याचा पहिला हंगाम वाया जाणार नाही. आयएसआय खूण आणि तीन पिनांचा प्लग पाहा. सोबत किती चकत्या मिळतात यापेक्षा त्यातल्या किती तुमच्या घरात लागणार आहेत, ते मोजा. दुकानातच झाकण लावून-काढून बघा. घरातल्या सगळ्यांना, पुरुषांनाही, ते जमलं पाहिजे. ओट्यावर कायमची जागा असेल तरच मोठं यंत्र घ्या, कारण कपाटात गेलेला प्रोसेसर पुन्हा बाहेर येत नाही. आणि भांडं, झाकण, पातं हे सुटे भाग शहरात मिळतात याची खात्री करूनच पैसे द्या.