बियाण्याला राख कशासाठी?

आमची आजी बियाण्याच्या चवळीला शेणीची राख चोळून मडक्यात भरते. बारावीपर्यंत मला तो अडाणीपणा वाटे. शास्त्र मात्र आजीच्या बाजूचे निघाले!

किड्याच्या अंगावर मेणाचा अतिशय पातळ थर असतो. शरीरातले पाणी तोच टिकवून धरतो. कोरड्या राखेचे बारीक कण हा थर खरवडतात, शोषतात; मग पाणी उडून जाते आणि भुंगा वाळून मरतो. खनिज भुकट्यांनी असेच घडते, हे विगल्सवर्थ या इंग्रज शास्त्रज्ञाने १९४५ साली दाखवून दिले. शिवाय दाण्यांमधल्या फटी बुजल्याने भुंग्याला हिंडायला जागा उरत नाही. दाण्यात आधीच शिरलेल्या अळीचे मात्र राख काही करू शकत नाही.

राख सर्दावली की तिचे काम संपले. आमच्या बिद्रीकडच्या पावसात खरी अडचण हीच. म्हणून आजी बियाणे उन्हात खडखडीत वाळवते, मडक्याचे तोंड शेणामातीने लिंपते.

दुकानातली ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी टाकणे सोपे. पण तिच्यातून सुटणारा फॉस्फीन वायू माणसालाही मारतो, आणि आम्ही निजतो त्याच खोलीत आमचे धान्य असते.

आता घरी गॅस आला. चूल पेटते ती अंघोळीच्या पाण्यापुरती. यंदा आजीने राख साठवायला झाकणाचा डबा मागितला. मी तो आणून दिला.