पाटीवरची अश्वशक्ती आणि मे महिन्यातली भरडाई

गोंदिया जिल्ह्यातील राइस मिलमध्ये भरडाईचा जोर खरिपाचे धान दिवाळीच्या सुमारास निघाल्यावर थंडीत असतो आणि उन्हाळी धानाची कापणी झाल्यावर मे-जूनमध्ये पुन्हा येतो. मोटर तीच, पट्टा तोच आणि पाटीवर कोरलेली अश्वशक्तीही तीच असली, तरी या दोन्ही हंगामांत तिला झेपणारा भार मात्र सारखा नसतो, कारण पाटीवरचा आकडा सभोवतालची हवा ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक तापलेली नाही, हे गृहीत धरून ठरवलेला असतो. गोंदियाच्या मे महिन्याला हे गृहीतक ठाऊक नाही.

मोटरीतील तांब्याच्या तारांच्या गुंडाळीला, म्हणजे वाइंडिंगला, विजेच्या गळतीपासून वाचवणाऱ्या रोगणाच्या व कागदाच्या थराला विद्युतरोधन म्हणतात, आणि जुन्या यंत्राचे खरे वय लोखंडापेक्षा या थरावरूनच मोजावे लागते. ‘बी’ वर्गाचे रोधन १३० अंशांपर्यंत आणि ‘एफ’ वर्गाचे १५५ अंशांपर्यंत टिकेल, असे मानले जाते. तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने प्रवाह १५ टक्के वाढला की तांब्यातील उष्णता ३२ टक्क्यांनी वाढते. अमेरिकी अभियंता मॉन्टसिंगर यांनी १९३०च्या सुमारास मांडलेल्या आणि आजही ढोबळमानाने वापरल्या जाणाऱ्या नियमानुसार तापमानातील दर आठ ते दहा अंशांच्या वाढीला रोधनाचे आयुष्य निम्मे होते. म्हणजे भार तसूभरही न वाढवता केवळ हवा ४० ऐवजी ४६ अंशांवर गेली, तरी पूर्ण भाराने चालणाऱ्या मोटरीचे आयुष्य सुमारे एक तृतीयांशाने घटते.

त्यात मिलमधील कोंड्याची आणि तुसाची धूळ मोटरीच्या पंखांसारख्या कडांवर साचून गोधडीचे काम करते. शिवाय विद्युतवाहिनीच्या शेवटच्या टोकाला विद्युतदाब १० टक्के घसरला, तर तेवढेच काम उरकण्यासाठी मोटर सुमारे ११ टक्के जास्त प्रवाह ओढते. याच जिल्ह्यातील तिरोड्याच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता ३,३०० मेगावॅट असली, तरी तेथील वीज अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांवरून राज्याच्या जाळ्यात जाते; केंद्राच्या जवळ असल्याने गावातल्या मिलचा विद्युतदाब सुधारत नाही. पॉलिशरवरचा अँपिअर मीटर तर बहुधा मोटरीसाठी पाहिलाच जात नाही, कारण काटा किती चढला यावरून तांदूळ किती घासला जातो आहे, याचा अंदाज कारागीर बांधत असतो.

तेलात बुडवलेल्या ट्रान्सफॉर्मरचा हिशेब याहून नेमका आहे. त्याच्या गुंडाळीवरील कागदाचे सर्वांत तापलेले ठिकाण ९८ अंशांवर असताना झीज ‘सामान्य’ मानली जाते आणि त्यापुढे दर सहा अंशांना तिचा वेग दुप्पट होतो. म्हणजे ११० अंशांवर चौपट, तर ८६ अंशांवर पावपट. त्यामुळे डिसेंबरच्या थंड रात्री काही तास पाटीपेक्षा जास्त भार देणे हा नेहमीच अविचार ठरत नाही, आणि भार देण्याविषयीच्या भारतीय व आंतरराष्ट्रीय मानकांतही तशी मुभा आहे. मात्र ही मुभा कोरड्या, सुस्थितीतील कागदासाठी असते. कागद जुना होताना त्यातून पाणी सुटते, हेच पाणी पुढची झीज वेगाने घडवते आणि ठिसूळ झालेला कागद बाहेरच्या एखाद्या किरकोळ शॉर्टसर्किटच्या धक्क्याने तुटतो. साहजिकच दोष त्या दिवशीच्या धक्क्यावर जातो आणि आधीच्या दहा उन्हाळ्यांतील जादा भार हिशेबातून सुटतो.

मोटर वारंवार जळू लागली की कपॅसिटर बसवण्याचा सल्ला मिळतो. त्याने मीटरपासूनच्या वाहिनीवरील प्रवाह घटतो आणि तारेतील दाबाची घसरण थोडी सावरते, पण दाब तोच राहिला तर मोटरीच्या गुंडाळीतील प्रवाह तेवढाच राहतो. त्यापेक्षा रिवाइंडिंग, म्हणजे नवी गुंडाळी भरणे, अधिक उपयोगी पडू शकते; पूर्वीच्या ‘बी’ वर्गाच्या जागी ‘एफ’ वर्गाचे रोधन वापरल्यास त्याच अश्वशक्तीवर २५ अंशांची सवड मिळते. पण जुनी तार काढताना गाभा उघड्या ज्वाळेवर जाळला, तर पोलादी पत्र्यांमधील पातळ रोधक लेप करपतो, पत्र्यांत भोवरा-प्रवाह फिरू लागतात आणि भार नसतानाही मोटर पूर्वीपेक्षा जास्त तापते.