दोन ओळींचं सर्टिफिकेट

मूल दत्तक घेण्यासाठी 'कारा'कडे, म्हणजे केंद्रीय दत्तक ग्रहण संसाधन प्राधिकरणाकडे नाव नोंदवताना पॅन कार्ड आणि उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर डॉक्टरांचं सर्टिफिकेटही जोडावं लागतं. अर्जदाराला जुनाट, संसर्गजन्य किंवा प्राणघातक आजार नाही आणि दत्तक घेण्यास तो सक्षम आहे, एवढाच त्याचा आशय. खाली सही आणि शिक्का. यातला 'जुनाट' हा शब्द जसाच्या तसा धरला, तर मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, दमा सगळेच त्यात आले. २०२२ च्या दत्तक नियमावलीतली पात्रतेची अट मात्र इतकी कडक नाही. अर्जदार शारीरिक, मानसिक, भावनिक आणि आर्थिकदृष्ट्या सक्षम हवा आणि त्याला जीवघेणा आजार नको, असं ती सांगते. कागद नियमापेक्षा कडक झाला की सरळ माणूस घाबरतो आणि धीट माणूस गोळ्यांचा डबा लपवतो.

दोन वर्षांखालच्या बाळासाठी पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ पर्यंत चालते. म्हणजे ४३ चा नवरा आणि ४२ ची बायको पात्र. या वयात घरात शुगर किंवा बीपीची गोळी असणं आपल्याकडे नवलाचं राहिलेलं नाही. त्या नवऱ्याला मधुमेह असेल, तर विचारायचं ते हे: तीन महिन्यांची सरासरी साखर किती, डोळ्यांचा पडदा आणि मूत्रपिंड शाबूत आहेत का, औषधं नेमानं घेतली जातात का? साखर आटोक्यात ठेवणारा मधुमेही आणि वर्षानुवर्षं रक्त न तपासलेला 'ठणठणीत' गृहस्थ यांत मला पहिला अधिक भरवशाचा वाटतो. नैराश्यावर उपचार घेतलेल्यांचंही तेच. वेळेवर डॉक्टरकडे गेलेल्या बाईला त्याचीच शिक्षा कशाला?

पोटच्या मुलासाठी कुणी सर्टिफिकेट मागत नाही, मग आम्हालाच का, ही तक्रार नेहमीची. पण इथे मूल शासन सोपवतं आणि त्या मुलाचे आईबाप एकदा सुटलेले असतात. तपासणी हवीच. उलट बाजूचा आक्षेप जास्त वजनदार आहे: तपशिलात शिरलं की डॉक्टरांची मर्जी आणि पूर्वग्रह शिरतात, त्यापेक्षा दोन ओळी बऱ्या. मात्र मर्जी दोन ओळींतही चालतेच, फक्त दिसत नाही. कारणं लिहावी लागली तर निदान त्यांवर दाद मागता येईल. शिवाय धडधाकट तान्ह्या बाळासाठी साधारण तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं. नोंदणीच्या दिवशीची तब्येत तोवर तशीच राहील कशावरून? सामाजिक कार्यकर्तीचा गृहअध्ययन अहवाल तीन वर्षंच ग्राह्य धरतात, तो याच हिशेबानं.

एकट्या व्यक्तीनं अर्ज केला तर नातेवाइकाचं हमीपत्र घेतात. उद्या काही बरंवाईट झालं तर मुलाला कोण सांभाळेल, याचं ते उत्तर. आजारी असूनही नीट जगणाऱ्या जोडप्याकडूनही तसंच हमीपत्र घेता येईल, सोबत त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांचा पानभर अहवाल.