नागिणीला मस्कारा कुठून?

मैत्रिणींनो, परदेशी सिनेमावाल्यांनी ड्रॅगनची काय दशा केलीय ते मुलांच्या कार्टूनमध्ये तुम्ही पाहिलंच असेल. तोंडातून जाळ काय, सोन्याच्या ढिगावर झोपणं काय! पण ड्रॅगनचं एक बरं आहे, तो मुळात नाहीच. त्याच्याबद्दल काहीही दाखवा, कुणाचं काय जातंय? आपल्याकडे हीच हौस नागावर भागवली जाते, आणि नाग तर खराखुरा आहे. परसात, गोठ्यात, सरपणाच्या ढिगाखाली.

पुंगीचंच घ्या. १९५४ सालचा वैजयंतीमालाचा ‘नागिन’ आपल्या आयांच्या पिढीने पाहिला. ती धून वरातीत वाजली की अजूनही चांगली शिकलीसवरलेली माणसं तोंडात रुमाल धरून रस्त्यावर लोळतात. गंमत म्हणजे ती पुंगी नव्हतीच! संगीत हेमंतकुमारांचं, पण तो आवाज काढला कल्याणजींनी (हो, तेच पुढचे कल्याणजी-आनंदजीमधले), क्लेव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या वाद्यातून. आणि खरी पुंगी असती तरी नागाला काय त्याचं? त्याला ना बाहेरचे कान, ना कानाचा पडदा. तो डोलतो गारुड्याच्या हलत्या हातावर नजर ठेवून, ‘हा आता मारतोय की काय’ या धास्तीनं. आणि आपण म्हणतो, बघा कसा रंगलाय!

मग आल्या इच्छाधारी. १९७६ मध्ये रीना रॉय, १९८६ मध्ये ‘नगीना’त श्रीदेवी, २०१५ पासून टीव्हीवर मालिका. भरजरी साडी, मोकळे केस आणि डोळ्यांना हा एवढा मस्कारा! अहो, सापाला पापण्याच नसतात. तो बिचारा आयुष्यात एकदाही डोळा मिचकावत नाही, आणि या बायका दर दोन मिनिटांनी मिचकावतात.

डूख धरण्याची गोष्ट तर आपल्या भाषेतच शिरली आहे. मेलेल्या नागाच्या डोळ्यांत मारणाऱ्याचा फोटो उमटतो आणि तो बघून नागीण सूड घेते म्हणे. एवढं लक्षात ठेवायची बुद्धी सापाला नसते. वर्षानुवर्षं डूख धरणं हे माणसांचंच काम. (भावकीतला बांधाचा वाद आठवा!) दुधाचंही तेच. गारुडी त्याला उपाशी-तहानलेला ठेवतो, म्हणून तो वाटीत तोंड घालतो. ते दूध त्याला पचत नाही. धामण गाईच्या पायांना वेढा घालून दूध पिते, असं आमच्या बचत गटातल्या आजी शपथेवर सांगतात. सापाला ओढून पिताच येत नाही, आणि त्या दातांनी गाय गप्प उभी राहील का? धामण येते ती उंदरांसाठी.

इथवर हसायला ठीक आहे. पण २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे की, २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सुमारे १२ लाख माणसं सर्पदंशानं गेली. बहुतेक खेड्यापाड्यांतली, आणि निम्मी पावसाळ्याच्या चार महिन्यांत. पडद्यावर मात्र नायक नायिकेच्या पायाला तोंड लावून विष ओढतो, थुंकतो आणि लगेच गाणं सुरू! हेच बघून आपल्याकडेही कुणी ब्लेडनं चिरतं, कुणी दोरीनं करकचून आवळतं, कुणी मांत्रिकाकडे पळतं. वेळ जातो तो इथेच. चावलेला हात-पाय न हलवता, फळीचा आधार देऊन थेट सरकारी रुग्णालय गाठायचं. १०८ ला फोन केला की रुग्णवाहिका येते. विषावरचं औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार करतात, मग ती आपल्या कामी येते. एवढ्या भारी गोष्टीवर एकही सिनेमा मी पाहिलेला नाही!

आणि मण्यार? नाग, घोणस, फुरसे यांच्याबरोबर ती आपल्याकडच्या चार मुख्य विषारी सापांत मोडते, पण पडद्यावर तिला कुणी घेत नाही. फणा नाही, फुत्कार नाही, नाच नाही. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि पुष्कळदा ते कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, जीभ अडखळते. घरचे म्हणतात, रात्रीचं जेवण बाधलं असेल, ओवा द्या.

गटाच्या बैठकीत मी हे सांगितलं तेव्हा एक काकू म्हणाल्या, “ताई, आम्ही तर सगळे खालीच झोपतो की!” पलंग सगळ्यांना कुठला परवडायला? पण मच्छरदाणी लावून तिच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली नीट खोचल्या तर मण्यार आत शिरत नाही. त्या महिन्यात सातजणींनी मच्छरदाण्या घेतल्या. नागिणीची मालिका मात्र कुणी सोडलेली नाही. आता मच्छरदाणीत बसून बघतात!